होकाराचे मोठे बटण

दहावीच्या परीक्षा आटोपल्या की नागपुरातील नोकरदार घरांना गेली काही वर्षे एक नवाच अनुभव येऊ लागला आहे. फोन वाजतो. पलीकडची व्यक्ती मुलाचे नाव घेऊन मोठ्या आपुलकीने चौकशी करते, त्याला विज्ञान शाखेकडे जावयाचे आहे हेही तिला ठाऊक असते, आणि मग कुठल्यातरी शिकवणी वर्गाच्या यशाची गाथा सुरू होते. महालात राहणाऱ्या आमच्या एका शिक्षक-स्नेह्यांना मागील उन्हाळ्यात अशा फोनांनी भंडावून सोडले. त्यांनी मुलीला विचारले, "काय गं, नंबर कोणाकोणाला दिलास?" ती म्हणाली, "बाबा, एका क्लासच्या साइटवर सराव परीक्षा द्यायची होती, तिथे भरला. बाकी कोणाला नाही." "आणि त्यांनी तो दुसऱ्यांना द्यावा असे तू म्हणालीस?" मुलगी क्षणभर थांबली. "खाली एक पट्टी आली होती. काहीतरी मान्य आहे का म्हणून विचारत होती. ती हटल्याशिवाय पेपर दिसेना, म्हणून हो म्हटले."

त्या पट्टीचा आणि फोन नंबरचा संबंध थेट असेलच असे नाही. पट्टी बहुधा 'कुकी' नावाच्या वस्तूविषयी विचारत असावी, आणि नंबर अर्जातूनच पुढे सरकला असावा. परंतु हटत नाही म्हणून हो म्हणणे, हा आज संगणकावर आणि मोबाईलवर वावरणाऱ्या प्रत्येकाचा नित्याचा व्यवहार झाला आहे, आणि अशा होकाराला 'संमती' हे भारदस्त नाव देऊन संकेतस्थळांचे चालक निर्धास्त होत आहेत. प्रश्न आहे तो या नावाचा.

प्रथम ही कुकी म्हणजे काय ते पाहू. नावावरून खाण्याची वस्तू वाटते. प्रत्यक्षात तो अक्षरांचा आणि आकड्यांचा एक लहानसा तुकडा असतो. संकेतस्थळ तो वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवते आणि पुढच्या खेपेस परत मागून घेते. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तरुण अभियंत्याने ही युक्ती काढली. त्यामागील अडचण खरी होती. संकेतस्थळाला स्मरणशक्ती नसते; एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेला माणूस त्याला नवखाच वाटतो. सायकल स्टँडवर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखी ही सोय होती: बिल्ला दाखवा, आपली सायकल घेऊन जा. बँकेचा किंवा रेल्वेच्या आरक्षणाचा व्यवहार आजही अशाच बिल्ल्यांवर चालतो, आणि त्याला कोणी शहाणा माणूस हरकत घेणार नाही.

गैरप्रकार सुरू झाला तो पुढे. सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावरील प्रत्येक दुकानाच्या दाराशी एकाच मालकाचा एकेक माणूस वही घेऊन बसला आहे, अशी कल्पना करावी. आपण औषधाच्या दुकानात किती वेळ होतो, पुस्तकांच्या दुकानात कोणते पुस्तक उचलून परत ठेवले, सराफाकडे भाव विचारून हात हलवीत कसे बाहेर पडलो, हे सारे तो टिपतो आणि संध्याकाळी सर्व वह्या एकत्र जुळविल्या जातात. दुकानदार त्याला हुसकून लावीत नाही; कारण तो फुकटात दुकानाची गिऱ्हाइके मोजून देतो, नकाशा लावून देतो, जाहिरातीचे चार पैसेही देतो. संकेतस्थळांवरील 'परकी' कुकी म्हणजे हा दाराशी बसलेला माणूस. हिशेब ठेवणारी, चित्रफीत दाखविणारी, जाहिरात पुरविणारी प्रत्येक बाहेरची सोय आपला माणूस बसवून जाते. पुष्कळदा दुकानदारालाही आपल्या दाराशी किती जण बसले आहेत याचा पत्ता नसतो.

युरोपने या माणसाला हटकण्याचा प्रयत्न केला. २००२ च्या निर्देशात २००९ मध्ये दुरुस्ती होऊन नियम असा झाला की, वाचकाने मागितलेल्या सेवेसाठी अत्यावश्यक नसेल अशी कोणतीही नोंद त्याच्या यंत्रावर ठेवण्यापूर्वी त्याची संमती घेतली पाहिजे. २५ मे २०१८ पासून माहिती-संरक्षणाचा व्यापक कायदा लागू झाला आणि संमती म्हणजे काय याची व्याख्या कडक झाली. मग जगभर पट्ट्या आल्या. नियम करणाऱ्यांच्या मनात होते की, संमती मागावी लागते म्हटल्यावर मालक पाळत कमी करतील. मालकांनी पाळत तशीच ठेवली आणि संमती काढून घेण्याचे तंत्र विकसित केले. 'स्वीकारा' हे बटण मोठे, हिरवे, मध्यभागी. 'नाकारा' हे एकतर नाहीच, किंवा 'पर्याय पाहा' या करड्या अक्षरांच्या मागे, तीन पायऱ्या उतरून गेल्यावर तळघरात. काहींनी खुणेचे चौकोन आधीच भरून ठेवले. एका जर्मन सोडत-कंपनीच्या खटल्यात १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाला स्पष्ट सांगावे लागले की, आधीच भरलेला चौकोन ही संमती होऊ शकत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या दहा हजार संकेतस्थळांतून, प्रचलित पट्ट्या वापरणारी, तपासण्यात आली. कायद्याच्या किमान अटी पाळणारी त्यांत जेमतेम १२ टक्के निघाली. त्याच अभ्यासातील प्रयोगात असेही दिसले की, पहिल्या पानावरून नकाराचे बटण काढले की होकार २० टक्क्यांहून अधिक वाढतात. बटणाच्या जागेवर ज्याचे उत्तर ठरते त्या प्रश्नाला प्रश्न म्हणावे काय?

शेवटी फ्रान्सच्या नियामक संस्थेने, नाकारणे हे स्वीकारण्याइतके सोपे नाही एवढ्याच कारणासाठी, जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचे जाहीर केले. त्यानंतर काही महिन्यांतच गूगलच्या पट्टीवर युरोपात 'सर्व नाकारा' हे बटण आले. इतकी वर्षे जी गोष्ट तंत्रदृष्ट्या फार अवघड म्हणून सांगितली जात होती, ती एका दंडाने सुलभ झाली. खुद्द युरोपीय आयोगालाही या पट्ट्यांचा आता वीट आलेला दिसतो. पट्ट्या कमी व्हाव्यात आणि निवड ब्राउझरमध्येच एकदा करता यावी, असा प्रस्ताव त्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडला.

हे सारे युरोपचे झाले. पण कळमन्यातील संत्र्याच्या व्यापाऱ्याचे, इतवारीतील दुकानाचे किंवा लॉ कॉलेज चौकातील शिकवणी वर्गाचे संकेतस्थळ उघडावे तर तेथेही तीच पट्टी, तीही बहुधा इंग्रजीत. या मंडळींवर युरोपचा कायदा बंधनकारक नाही. युरोपातील लोकांना माल वा सेवा देऊ केली, किंवा त्यांच्या तेथील वर्तनावर पाळत ठेवली, तरच तो लागू होतो. बर्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या एखाद्या नागपूरकराने घरच्या आठवणीने ते पान उघडले म्हणून नव्हे. मग ही पट्टी आली कोठून?

धरमपेठेत संकेतस्थळे बनवून देण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका तरुणाला आम्ही हे विचारले. तो हसून म्हणाला, "सर, क्लायंटच म्हणतो, मोठ्या साइटवर असते तशी आपल्यालाही लावून दे. तयार मिळते, फुकट असते. दहा मिनिटांचे काम आहे." आम्ही विचारले, "आणि वाचकाने नाही म्हटले तर?" "नाही म्हणायचे बटणच नसते त्यात. 'ओके' एवढेच." "समजा, त्याने ओके म्हटलेच नाही?" त्यावर त्याने जे सांगितले ते या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. "तरी काही फरक पडत नाही, सर. पट्टी दिसायच्या आधीच सगळे सुरू झालेले असते. पट्टी कशाला थांबवत नाही. ती फक्त दिसते."

ही लबाडी आहे असे आम्ही म्हणणार नाही. निदान लहान चालकांच्या बाबतीत तरी नाही. इतवारीतील व्यापाऱ्याला आपल्या संकेतस्थळावर कोणकोणती बाहेरची यंत्रणा काम करते हे माहीत नसते, आणि माहीत करून देण्याचे पैसे तो देत नाही. दारावर लिंबू-मिरची बांधावी तशी त्याने ती पट्टी बांधलेली असते. पण मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ही अज्ञानाची सबब चालणार नाही. तेथे होकाराचे बटण किती मोठे असावे, यासाठी पगारी माणसे नेमलेली असतात.

आता आपल्याकडेही कायदा झाला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्या पीठावर आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे होते आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले होते, ही गोष्ट या शहराने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. त्यानंतर सहा वर्षांच्या चर्वितचर्वणानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी त्यांनी १८ महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची, मुदत दिली.

या कायद्यात 'कुकी' हा शब्द कोठेही नाही, आणि ते एका दृष्टीने बरेच झाले. युरोपने वस्तूचे नाव घेतले आणि मालक त्या वस्तूभोवती पळवाटा खणीत बसले. आपला कायदा वस्तूचे नाव न घेता माणसाच्या माहितीविषयी बोलतो. ज्या कुकीने माणूस ओळखू येतो ती त्याच्या कक्षेत येते, आणि तेच काम उद्या दुसऱ्या कोणत्या क्लृप्तीने होऊ लागले तर तीही येईल. संमती मुक्त, विशिष्ट, समजून-उमजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे, ती स्पष्ट कृतीने व्यक्त झाली पाहिजे, आणि ती देणे जितके सोपे तितकेच काढून घेणेही सोपे असले पाहिजे, असे कलम ६ म्हणते. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे, ते मोठे मार्मिक आहे. एका बाईने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे ॲप घेतले. ॲपने उपचारांसाठी तिची माहिती मागितली आणि त्यासोबत तिच्या फोनमधील सर्व परिचितांची यादीही मागितली. तिने दोन्हींना होकार दिला. कायदा म्हणतो, दुसरा होकार गणला जाणार नाही. उपचारांसाठी त्या यादीची गरजच नव्हती. ('ती' हे सर्वनाम कायद्याने स्त्री-पुरुष सर्वांसाठीच योजले आहे, आपल्या कायद्यांच्या पुस्तकात ही नवलाई आहे.)

या उदाहरणाचे मोल थोडे थांबून ओळखले पाहिजे. होकार दिला, बटण दाबले, नोंद झाली, तरीही तो होकार नाही! म्हणजे कायदा बटणाकडे न पाहता गरजेकडे पाहतो. सराव परीक्षेसाठी नंबर लागत असेल तर त्या परीक्षेपुरता. पाच वर्गांना वाटण्यासाठी नाही, मग मुलीने कितीही वेळा 'मान्य' दाबलेले असो.

आमच्या पिढीला यात काही अगदीच अपूर्व वाटू नये. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सुपे येथून सुरुवात करून सावकारांचे दस्त जाळले. त्या दस्तांवर त्यांचेच अंगठे होते, त्यांच्याच निशाण्या होत्या. कागदोपत्री संमतीत काही उणे नव्हते. कागदात काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी नाही म्हणण्याची त्याला सोय नव्हती, एवढेच उणे होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने, प्रारंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरती का होईना, अशी तजवीज केली की, शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकाने स्वतः लिहिलेला किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिलेला आणि साक्षांकित केलेला असल्याखेरीज पुराव्यात घेतला जाऊ नये. त्या कायद्याने सावकारी संपली नाही हे सर्वविदित आहे. परंतु अंगठ्याच्या मागे समजूत आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी अंगठा घेणाऱ्यांच्या व्यवस्थेवर येऊ शकते, एवढे त्या जुन्या सरकारलाही मान्य करावे लागले होते. आजचे बटण हा अंगठाच आहे. फरक एवढाच की, दिवसातून तो कितीदा उमटतो याची आपल्यालाच गणती नसते.

समजूत म्हटली की भाषा आली. संमती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय कायद्याने नागरिकाला दिला आहे. म्हणजे काटोलच्या पालकाने मराठीत सूचना मागितली तर ती मिळाली पाहिजे. नियमांनी आणखी असे म्हटले आहे की, ही सूचना इतर मजकुरापासून वेगळी, स्वतंत्रपणे समजेल अशी आणि सोप्या भाषेत असावी. कोणती माहिती आणि कशासाठी, हे तीत बाबवार सांगितलेले असावे. आम्हाला भीती वाटते ती वेगळीच. ही मराठी कोण लिहिणार? बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या मराठी पत्रकांतून जी भाषा आपण वाचतो, ती पाहता 'आपल्या अनुभवाच्या वृद्धीकरिता आम्ही कुकीज उपयोगात आणतो' अशा वाक्यांचा पूर येणार हे दिसतच आहे. अशा मराठीपेक्षा इंग्रजी बरी, असे वाचकाला वाटले की चालकाचे काम झाले! मराठीच्या शिक्षकांनी येथे थोडे लक्ष घालावे. 'तुम्ही आमचे कोणते पान किती वेळ पाहिले हे आम्ही लिहून ठेवू आणि अमुक कंपनीला देऊ, चालेल का?' असे लिहिले तर काटोलचा पालक ते एका दमात वाचील, आणि बहुधा 'नाही' म्हणेल. म्हणूनच ते तसे लिहिले जात नाही.

मुलांच्या बाबतीत कायदा अधिक कडक आहे. १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल. त्याची माहिती घेण्यास पालकाची पडताळून पाहिलेली संमती हवी. आणि मुलांवर पाळत ठेवणे किंवा त्यांना उद्देशून जाहिराती करणे यांस मनाई. शाळा-महाविद्यालयांना नियमांत काही सवलत आहे, पण ती संस्थेच्या शैक्षणिक कामापुरती आणि तेथे दाखल असलेल्या मुलांच्या सुरक्षिततेपुरती. जाहिरातीच्या कंपनीला शाळेच्या दाराशी बसू देण्यासाठी ती नाही. आमच्या शाळांच्या संकेतस्थळांवर हे दाराशी बसलेले लोक किती असतील याची मोजणी कोणत्याही संगणक-शिक्षकाला वर्गातल्या मुलांना हाताशी घेऊन एका तासिकेत करता येईल. ब्राउझरमध्येच त्याची सोय असते. तो एक उत्तम प्रयोगही होईल.

चालकांची बाजूही ऐकली पाहिजे. जाहिरातीवर जगणाऱ्या छोट्या संकेतस्थळाचा मालक विचारतो की, पाळत काढली तर जाहिरात कोण देईल? हा प्रश्न खोटा नाही. पाळतीच्या जाहिरातीला भाव अधिक मिळतो. परंतु ज्या वर्तमानपत्राच्या पानावर आपण हे वाचीत आहात त्याने वर्षानुवर्षे जाहिराती घेतल्या त्या वाचकाच्या मागे माणूस न लावता. शेतीच्या पानावर बियाण्याची आणि निकालाच्या दिवशी पुस्तकांच्या दुकानाची जाहिरात येते, कारण मजकूरच सांगतो की येथे कोण वाचीत असेल. संकेतस्थळांवरही हे होऊ शकते. त्यात पैसा थोडा कमी आहे हे मान्य करून बोलावे, अशक्य आहे असे म्हणू नये.

आणि कायद्याचे गोडवे गाताना त्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. दंड मोठे आहेत. माहितीची सुरक्षितता न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, मुलांविषयीच्या कर्तव्यांत कसूर केल्यास २०० कोटींपर्यंत. पण हा पैसा सरकारच्या संचित निधीत जाणार. ज्याचे नुकसान झाले त्या नागरिकाच्या हाती काही नाही. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील भरपाईचे कलम ४३-अ या कायद्यान्वये वगळले जावयाचे आहे. उलट खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्याबद्दल नागरिकालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि मंडळाकडे जाण्याआधी त्याने चालकाच्याच दारी तक्रारीचे सोपस्कार पूर्ण करावयाचे आहेत. सरकारने स्वतःसाठी सवलतींची दारे बरीच मोठी ठेवली आहेत. आमच्या त्या शिक्षक-स्नेह्यांनी फोन करणाऱ्या पाच वर्गांविरुद्ध पाच अर्ज लिहावेत आणि उत्तराची वाट पाहावी, ही अपेक्षा कायदा करणाऱ्यांना स्वाभाविक वाटली असेल. शाळा, शिकवण्या आणि पेपर तपासणी यांतून उरलेल्या वेळात हे करणाऱ्याला ती तशी वाटत नाही.

म्हणून बदल झाला तर तो चालकांच्या बाजूनेच आधी व्हावा लागेल, आणि त्याची वाट पट्टी अधिक सुबक करण्यातून जात नाही. जे घेतलेच नाही त्याची संमती मागावी लागत नाही. वाचकाने मागितलेल्या कामाला लागणारा तेवढाच बिल्ला देणाऱ्या संकेतस्थळाला युरोपातही कुकीच्या पट्टीची सक्ती नाही.

धरमपेठेतील त्या तरुणाने आमच्या बोलण्यानंतर गंमत म्हणून एका शाळेचे संकेतस्थळ, त्याच्याच हातचे, पुन्हा तपासले. गिऱ्हाइके मोजणारी एक बाहेरची यंत्रणा, फेसबुकचा एक तुकडा आणि कोणीतरी पूर्वी लावलेला व आता कोणाच्याही कामाचा नसलेला एक जाहिरातीचा दुवा, असे तिघे दाराशी बसलेले निघाले. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्याने तिघांनाही उठविले. नकाशाच्या जागी पत्ता लिहिला. वेळापत्रक, सूचना, निकालाची तारीख, सारे पूर्वीसारखेच चालू राहिले; पट्टीला काही काम उरले नाही, म्हणून तीही काढली. दोन दिवसांनी मुख्याध्यापकांचा फोन आला. आपल्या साइटवरची ती पट्टी कुठे गेली, असे ते विचारीत होते. ती असली की साइट जरा मोठ्या संस्थेची वाटते.